करिअर मार्गदर्शन की सत्कार सोहळा?

एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रकारचे फ्लेक्स लागतात. एक बाबासाहेबांच्या जयंतीचा. दुसरा, त्याच सुमारास लागलेल्या यूपीएससीच्या निकालात समाजातील कोणी उत्तीर्ण झाले असेल तर त्याच्या अभिनंदनाचा. मग जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ वाढते : 'विद्यार्थ्यांसाठी करिअर मार्गदर्शन शिबिर'. नवा अधिकारी येतो, शाल आणि पुष्पगुच्छ होतो, तो आपल्या कष्टाची गोष्ट सांगतो. पत्र्याचे घर, आईची मोलमजुरी, चौदा-चौदा तास अभ्यास, तीन-चार अपयशे आणि अखेर यश. टाळ्या पडतात. 'जिद्द ठेवा, तुम्हीही व्हाल' असे सांगून शिबिर संपते आणि जेवणाच्या रांगा लागतात.

या शिबिरात करिअर कुठे असते आणि मार्गदर्शन कुठे असते? समोर बसलेल्यांत दहावीची मुले असतात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुली असतात, आयटीआय करून घरी बसलेला मुलगा असतो. आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभा असतो एकतीस-बत्तीस वर्षांचा तरुण, ज्याने हीच गोष्ट गेली सात वर्षे वेगवेगळ्या तोंडून ऐकली आहे. या चौघांचे प्रश्न चार वेगवेगळे आहेत. त्यांना मिळणारे उत्तर मात्र एकच.

आमचा विरोध सत्काराला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्यावर 'पाय ओढणारा' असा शिक्का लवकर बसतो. ज्या घरात तीन पिढ्यांपूर्वी गावकीची कामे होती त्या घरातले पोर जिल्हाधिकारी होते, याचा आनंद आम्हालाही तितकाच आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. आपल्या समाजाने करिअर या शब्दाचा अर्थ 'अधिकारी होणे' एवढाच करून टाकला आहे आणि ती जबाबदारी एकेकट्या पोराच्या जिद्दीवर सोडून दिली आहे. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातले मधले पद आपण मोर्चासाठी राखून ठेवले. नोकरीच्या बाबतीत आपण संघटित नाही. तिथे प्रत्येक जण एकटा आहे, आणि त्याची किंमत आपली पोरे वयाच्या सर्वांत चांगल्या वर्षांनी मोजत आहेत.

आधी आकडे पाहू. २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी देशभरातून ९ लाख ९२ हजार ५९९ अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ८३ हजार २१३. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीसाठी २,८४५ आणि शिफारस झाली १,००९ जणांची. त्यांत अनुसूचित जातींचे उमेदवार १६०. हा आकडा एका राज्याचा नाही, एका जातीचा तर नाहीच. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या सगळ्या अनुसूचित जातींचे मिळून १६०. उरलेल्या लाखोंमध्ये जिद्द नव्हती असे म्हणायचे का? त्यांच्याही आया मोलमजुरी करत होत्या. व्यासपीठावर यशस्वी झालेलाच येतो, म्हणून आपल्याला वाटते की चौदा तास अभ्यास केला की यश मिळते. चौदा तास अभ्यास करून काहीही न मिळालेल्यांना कोणी बोलावत नाही. समाजशास्त्र शिकताना पहिल्याच वर्षी सांगतात, की फक्त जिंकलेल्यांना विचारून स्पर्धेचा नियम कळत नाही. तेवढे जयंती समितीलाही कळायला हरकत नाही.

राज्यसेवेची गत काही वेगळी नाही. जागा शेकड्यांत आणि उमेदवार लाखांत. त्यात परीक्षा वेळेवर होतील याची शाश्वती नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला आणि तो २०२३ पासून लागू होणार होता. पुण्यात विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि तो २०२५ पर्यंत पुढे गेला. आंदोलन बरोबर होते की नाही हा वेगळा वाद आहे. पण ज्या पोराने घरून पैसे मागवून नव्या पद्धतीची तयारी सुरू केली होती त्याचे ते महिने कोणी परत दिले? २०२१ साली पुण्यातच, पूर्व आणि मुख्य दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीच्या प्रतीक्षेत अडकलेल्या तरुणाने आत्महत्या केली. विधिमंडळात आवाज उठला, आश्वासने दिली गेली, आणि पेठांमधल्या अभ्यासिका दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी सहाला उघडल्या.

या पेठांचे एक अर्थशास्त्र आहे. खोलीचे भाडे, मेस, अभ्यासिकेची फी, झेरॉक्स, चहा, शिवाय क्लास. महिन्याला आठ-दहा हजारांच्या आत भागत नाही. बीड, नांदेड, बुलढाण्याहून आलेल्या पोराचा बाप ऊसतोडीला जातो किंवा शहरात वॉचमनची नोकरी करतो, तिथून हा पैसा येतो. धाकट्या बहिणीचे शिक्षण बारावीला थांबते, तिथूनही येतो. घरमालक, मेसवाला, क्लासवाला, पुस्तकविक्रेता या सगळ्यांची कमाई पोराच्या आशेवर चालते. पोर जितकी वर्षे पास होत नाही तितकी वर्षे ती चालत राहते. म्हणून 'यंदा नाही तर पुढच्या वर्षी' हे वाक्य त्या बाजारात कधीच जुने होत नाही.

आणि आपल्या पोरांसाठी हा बाजार जास्त लांबतो. मागासवर्गीयांना एमपीएससीत वयाची मर्यादा ४३ आहे, यूपीएससीत ३७, आणि त्या वयापर्यंत कितीही वेळा बसता येते. ही सवलत रास्त आहे, कारण आपली पोरे शिक्षणात उशिरा पोहोचतात, मध्येच कामाला लागतात, पुन्हा येतात. त्यांना दार उघडे असावे म्हणून ती आहे. पण दार ४३ पर्यंत उघडे आहे म्हणजे ४३ पर्यंत दारात बसून राहावे, असा तिचा अर्थ होत नाही. आमच्या पाहण्यात असे तरुण आहेत की ज्यांनी पस्तिशीपर्यंत एका दिवसाचीही नोकरी केलेली नाही. परीक्षा सुटल्यावर खासगी कंपनीत गेले तर पहिला प्रश्न येतो, 'इतकी वर्षे काय करत होता?' 'अभ्यास' हे उत्तर तिथे कोणी मान्य करत नाही.

इथे काही मंडळी खूश होतील. 'आम्ही म्हणतच होतो, यांना सरकारी नोकरीचे वेड आहे, आयते हवे असते.' त्यांनाही उत्तर दिले पाहिजे, कारण हे वेड नाही. आपल्या समाजाने सरकारी नोकरी धरून ठेवली ती अनुभवातून.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. एका नोकरीसाठी एवढी धडपड का? कारण लष्करात पगार होता, पेन्शन होती, आणि मुलांना शाळा होती. रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते म्हणून भीमराव शिकू शकले. बाबासाहेबांच्या विद्वत्तेच्या पायाखाली एक सरकारी नोकरी आहे, हे विसरून चालणार नाही.

खासगी क्षेत्रात काय होते? मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्याचा पगार चांगला होता, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला. त्यांचा स्वतःचा अनुभव तर सगळ्यांना माहीत असायला हवा. परदेशातून परतल्यावर बडोद्याच्या नोकरीत राहायला घर मिळाले नाही म्हणून ते मुंबईला आले. शेअर बाजारातल्या गुंतवणुकीबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक तुटले. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. ते कॉलेज सरकारी होते. तिथेही पाण्याच्या भांड्यावरून कुरबूर झालीच, पण त्या कुरबुरीने नोकरी गेली नाही. व्यवसाय आणि सरकारी नोकरी यांतला फरक तेव्हा एवढाच होता, आणि तो फार मोठा होता. १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून घेतल्या, त्या या अनुभवामागून आलेल्या.

'ते जुने झाले' असे म्हणणाऱ्यांसाठी एक नवा दाखला. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांत आलेल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावांचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जापेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. त्याच वर्षी अश्विनी देशपांडे आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतल्या तीन विद्यापीठांमधल्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. खासगी कंपन्यांच्या मुलाखतीत 'घरी कोण काय करते' हा प्रश्न हमखास येतो, आणि तिथेच दलित विद्यार्थी अडखळतो, असे त्यांना आढळले. वडील काय करतात याचा नोकरीशी संबंध काय? संबंध आहे. जात न विचारता जात कळते.

तेव्हा 'नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा' असा उपदेश करणाऱ्यांना आमचे एकच विचारणे आहे : भांडवल कुठून आणायचे, जमीन कुठली तारण ठेवायची, आणि उधारीवर माल देणारा व्यापारी कोणाचा नातेवाईक आहे? ज्यांना जमते त्यांनी व्यवसाय जरूर करावा. पण आरक्षण सोडून देण्याची तयारी म्हणून हा मंत्र आपल्याला कोणी देत असेल तर तो घ्यायचा नाही.

सरकारी नोकरी सोडा असे आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो, सरकारी नोकरी म्हणजे काय ते आपणच विसरलो आहोत. आपल्या बापजाद्यांनी कोणत्या नोकऱ्या केल्या? रेल्वेत गँगमन, खलाशी, गार्ड. पोस्टमन. वीज मंडळात लाइनमन. बेस्टमध्ये कंडक्टर. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भंडारा, वरणगाव इथल्या आयुध निर्माणींत कामगार. महापालिकेत शिपाई आणि सफाई कामगार. शाळामास्तर आणि परिचारिका. यातला एकही 'क्लास वन' नव्हता. तरी नागपूरपासून मुंबईपर्यंत आपल्या वसाहती, आपले विहार, आपली वाचनालये या लोकांच्या वर्गणीवर उभी राहिली. आपल्यातला जो काही मध्यमवर्ग आज दिसतो तो तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाच्या नोकऱ्यांनी घडवला, मूठभर कलेक्टरांनी नाही. आणि आज त्याच घरातला नातू कारकुनाची जागा निघाली तर अर्ज भरत नाही. 'एवढे शिकून क्लार्क?' ही भाषा आपल्याकडे कधीपासून आली?

दुसऱ्या बाजूला राज्यकर्त्यांनी हीच शिडी खालून कापायला घेतली आहे. शिपाई, वाहनचालक, सफाई, सुरक्षा ही कामे कधीच ठेकेदाराकडे गेली. आयुध निर्माणींच्या २०२१ मध्ये सात कंपन्या केल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला, राज्यभर संताप झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला, कंत्राटी भरती संपली नाही. ठेकेदाराच्या हजेरीपटावर बिंदुनामावली कोण तपासणार? या लढाईत आपले बळ कमी पडते, कारण आपला शिकलेला तरुण या जागांकडे आपल्या म्हणून पाहतच नाही. त्याचे डोळे राजपत्रित पदाकडे लागलेले आहेत. ज्या नोकऱ्या जात आहेत त्या कोणाच्या स्वप्नात नाहीत, म्हणून त्या जाताना आरडाओरडही होत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सवर्ण मध्यमवर्गीय घरातले पोर करिअर निवडते म्हणजे नेमके काय करते? ते फार विचार करते असे नाही. त्याच्या घरी जेवताना आत्या बँकेच्या परीक्षेबद्दल बोलते, मामा कंपनीत आहे, वडिलांचा मित्र सीए आहे, शेजारची ताई पुढे शिकायला जर्मनीला गेली आहे. त्याला माहिती शोधावी लागत नाही, ती त्याच्या आसपासच वावरत असते. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात दाखवून दिले, की माणसांना नोकऱ्या मिळतात त्या बहुतेकदा जवळच्यांकडून नव्हे, तर दूरच्या ओळखीतून. कारण जवळच्यांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते. आपल्या वस्तीतल्या पहिल्या पदवीधराकडे जवळची माणसे भरपूर आहेत, जीव लावणारी आहेत. त्याच्याकडे नाही ती दूरची ओळख. म्हणून त्याला एकच नोकरी ठाऊक असते, जी फ्लेक्सवर दिसते ती.

याचा परिणाम दहावीनंतर लगेच दिसतो. 'पुढे यूपीएससीच करायचे आहे, मग आर्ट्स घे' असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. गणित सुटले म्हणून पोरही खूश. आम्ही कला शाखेच्या विरोधात नाही, आम्ही त्याच शाखेतून आलो. पण गणित आणि इंग्रजी सोडून कला शाखेत जाणे वेगळे आणि विषयाची आवड म्हणून जाणे वेगळे. गंमत अशी की यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतला दुसरा पेपर, सीसॅट, अंकगणित, तर्क आणि उताऱ्यांचाच असतो. त्यात ३३ टक्के पडले नाहीत तर पहिला पेपर कितीही चांगला जाऊ दे, तो तपासात धरला जात नाही. म्हणजे ज्या परीक्षेसाठी गणित सोडले तिच्याच दारात गणित उभे असते. आणि बँक, रेल्वे, कर्मचारी निवड आयोग, विमा, पोलीस भरतीची लेखी, सगळीकडे तेच अंकगणित लागते, आठवी-दहावीच्या पातळीचे. शेकडेवारी, गुणोत्तर, सरळव्याज. आमच्या मते वस्तीतल्या अभ्यासिकेत पहिले काय हवे तर आठवड्यातून तीन दिवस गणित शिकवणारा माणूस. राज्यघटनेची कलमे पोरे स्वतः पाठ करतात.

कर्मचारी निवड आयोगाची पदवीधरांची परीक्षा देऊन आयकर, सीमाशुल्क, लेखापरीक्षण अशा खात्यांत केंद्राची नोकरी मिळते, हे आपल्या किती पदवीधरांना माहीत आहे? त्याच आयोगाच्या एमटीएस परीक्षेचा पेपर २०२३ पासून मराठीतूनही देता येतो. रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत २० टक्के जागा रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी असतात. आयटीआय झालेल्या आणि घरी बसलेल्या त्या मुलाला हे कोणी सांगितले असते तर? अधिकारी झालेल्या पाहुण्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही, त्याने तो रस्ता पाहिलेला नाही. ते ठाऊक आहे रेल्वेतून निवृत्त झालेल्या, विहाराच्या पायरीवर संध्याकाळी बसणाऱ्या बाबांना. त्यांना व्यासपीठावर कोणी बोलावत नाही.

आता कागदपत्रांबद्दल. हा विषय कंटाळवाणा आहे, पण आपल्या पोरांच्या जागा अभ्यासाइतक्याच कागदांवरून जातात. अनुसूचित जातीचा दाखला काढायला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. ज्याचे आजोबा शाळेतच गेले नाहीत त्याने शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा? अशा वेळी तहसील कार्यालयातले कोतवाल बुक उपयोगी पडते, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीसमोर जात लिहिलेली असते. जुन्या महसुली नोंदींत महार वतनाचा उल्लेख सापडतो. बाबासाहेब ज्या वतनाविरुद्ध आयुष्यभर लढले, त्याच्या नोंदीचा आज पणतवाला दाखल्यासाठी उपयोग होतो. इतिहासाचा हा विनोद आम्हाला दर वेळी बोचतो, पण कागद कागद असतो. त्यानंतर पडताळणी. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी वैधता प्रमाणपत्र लागते आणि पोरे ते बारावीच्या निकालानंतर शोधायला लागतात. शिवाय राज्याचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० मध्ये मिळाल्या, तोवर १९५६ नंतरची एक अख्खी पिढी त्यांशिवाय गेली. एवढ्या लढाईनंतर मिळालेला हक्क चुकीच्या नमुन्यातल्या एका कागदामुळे मुलाखतीच्या टेबलावर जावा, हे आम्हाला सहन होत नाही.

जी गोष्ट दाखल्याची तीच योजनांची. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम मिळते. पैसे उशिरा येतात, त्यासाठी भांडावे लागते, पण अर्जच केला नाही तर भांडायलाही जागा राहत नाही. बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, तिच्यासाठी आपल्याच संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले, हेही खरे. परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत मात्र २०२२ मध्ये एक बदल झाला : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील समाजविषयक अभ्यास यांसाठी ती मिळणार नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. आज त्यांच्याच समाजातला विद्यार्थी त्याच विषयासाठी ही शिष्यवृत्ती मागू शकत नाही. या बदलाविरुद्ध आपल्या वस्तीत किती सभा झाल्या? आपल्या करिअर शिबिरात संशोधन हा शब्दच येत नसेल तर होणार कशा?

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, आपल्या माणसांना आवडणार नाही तरी. मुलाला सात वर्षे मिळतात, मुलीला दोन. रमाई आणि सावित्रीमाईंचे फोटो लावलेल्या घरात 'यंदा झाले नाही तर स्थळ पाहू' हे वाक्य आम्ही ऐकले आहे. मुलाची आशा संपत नाही आणि मुलीची मुदत पुरत नाही. मुदत ठरवायचीच तर दोघांना सारखी ठरवा.

मुदतीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. पदवीनंतर पूर्णवेळ तयारीचे दोन प्रयत्न, आणि त्याच काळात बँक, रेल्वे, निवड आयोग असे दुसरे अर्ज चालूच. तिसरा प्रयत्न कोणत्या तरी नोकरीत राहून. ही तारीख पहिल्या दिवशी, घरच्यांच्या समोर ठरवायची. अपयश आल्यावर ठरवायला गेलो तर कोणीच ठरवू शकत नाही, त्या वेळी माणूस स्वतःशी खोटे बोलतो. नोकरीत राहून अधिकारी झालेले लोक आहेत. पण नोकरी नसल्यामुळे कोणी अधिकारी झाल्याचे ऐकिवात नाही.

आमच्यावर आक्षेप येईल : 'तुम्ही पोरांची स्वप्ने छोटी करता. बाबासाहेब म्हणाले होते, मोक्याच्या जागा काबीज करा.' मोक्याच्या जागा जरूर काबीज करायच्या आहेत. पण १९५६ मध्ये आग्र्यात शिकल्या-सवरल्या लोकांबद्दल त्यांनी जी व्यथा बोलून दाखवली ती त्यांच्या पदांबद्दल नव्हती. शिकलेले लोक समाजाकडे पाठ फिरवतात याबद्दल होती. एक पोर वर गेले आणि त्याने वर्षातून एकदा येऊन शाल घेतली, याला मोक्याची जागा काबीज करणे म्हणत नाहीत. तो अधिकारी वर्षातले चार रविवार वस्तीत बसला, अर्ज तपासले, सरावाच्या मुलाखती घेतल्या, अडलेल्या फाइलीसाठी कोणत्या कार्यालयात जायचे ते सांगितले, तर त्याची जागा मोक्याची. अधिकाऱ्यांना हे सांगायला जयंती समित्या कचरतात, पुढच्या वर्षी पाहुणा यायचा नाही म्हणून. न येवो.

विहारात एक वही ठेवायला पैसे लागत नाहीत. वस्तीतला कोण कुठल्या खात्यात, कुठल्या कंपनीत, कुठल्या हुद्द्यावर आहे आणि कोणत्या परीक्षेतून गेला, एवढे त्यात लिहायचे. नापास होऊन दुसरीकडे स्थिरावलेल्यांचीही नावे लिहायची, ती सर्वांत कामाची. ज्या मुलीने तीन वेळा मुख्य परीक्षा दिली आणि आता जी न्यायालयात लघुलेखक आहे, तिच्याकडे सांगण्यासारखे जास्त आहे.

दहावीचा निकाल लागायला अजून काही आठवडे आहेत. आमच्या वस्तीत यंदा दहावीला आणि बारावीला बसलेल्या मुलामुलींची यादी आम्ही कार्यकर्त्यांनी केली आहे. त्यांतल्या ज्या घरी अजून जातीचा दाखला नाही त्यांच्या आजोबा-पणजोबांची गावे लिहून घेत आहोत. पुढच्या सोमवारी पहिल्या तालुक्याला जाऊन कोतवाल बुकाच्या नकलांसाठी अर्ज देणार आहोत. इतर वस्त्यांतल्या ज्या मित्रांना असे करायचे आहे त्यांनी निकालाची वाट पाहू नये. निकालानंतर त्या खिडकीवर रांग असते.